गोळ्या किती शिल्लक?

परवा रात्री साडेअकराला हेडफोन घालून 'मेट्रो २०३३' हा व्हिडिओ गेम खेळत बसलो होतो. मागून आईनं खांद्यावर हात ठेवला आणि मी खुर्चीतून हातभर उडालो. "एवढा घाबरतोस तर खेळतोस कशाला रे?" ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे. पैसे मोजून, झोपेचं खोबरं करून भीती विकत घ्यायची, हा काय प्रकार?

थरार हवा असतो म्हणून, असं सगळे म्हणतात. मला नाही पटत. थरारच पाहिजे असेल तर संध्याकाळी सहाला सांगली-मिरज रोडला गाडी घालावी, फुकटात मिळतो. आणि झोंबी तर मला जग संपल्यावर तगून राहायच्या या खेळांतला सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो.

मला विचाराल तर खरी गंमत मोजण्यात आहे. मेट्रोमध्ये अणुयुद्धानंतर मॉस्कोतली माणसं भुयारी रेल्वेत राहतात. वर जायचं तर गॅस मास्क लागतो आणि त्याचा फिल्टर किती वेळ टिकणार हे मनगटावरच्या घड्याळात बघायचं. वेळ संपत आली की श्वासाचा आवाज जड होतो. त्यात युद्धाआधीच्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या हेच तिथलं चलन! म्हणजे समोर राक्षस आला की झाडायच्या त्या गोळ्या नसून नोटाच असतात. २०१३ च्या 'द लास्ट ऑफ अस'मध्ये एक चिंधी आणि थोडं अल्कोहोल यातून मलमपट्टी तरी करा नाहीतर पेटती बाटली तरी. बरं, पिशवी उघडून ते करत बसलात म्हणून खेळ काही थांबत नाही. ज्या गेममध्ये गोळ्या दिवाळीच्या फटाक्यांसारख्या मिळतात, तिथं मला दहा मिनिटांत जांभया येतात. तुटवडा नाही तर भीती कसली?

असलं मोजणं मी एकदा खरोखर केलंय. ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर. आम्ही नदीकाठच्या गावभागात राहतो, हे सांगितल्यावर सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला फूट किती, एवढंच सगळं गाव एकमेकांना विचारत होतं. लाइट गेल्यावर तेही कळेना. मग बाबा दर तासाला टॉर्च घेऊन जिन्यात जायचे. वरून आई विचारायची, "कितवी?" खालून आवाज यायचा, "सहावी बुडाली." तासाभरानं सातवी. घरात पाच माणसं, दोन कळश्या पिण्याचं पाणी, एकच मोबाइल चालू, तोही अकरा टक्क्यांवर.

त्यात माझा पराक्रम असा, की सामान वर न्यायची घाई चालू असताना मी सगळ्यात आधी उचलला तो कॉम्प्युटर. सीपीयू, मॉनिटर, सगळं नीट चादरीत गुंडाळून. गॅसची शेगडी आणि सिलेंडर बाबांनी वर आणला. काडेपेटी खाली ओट्यावरच राहिली आणि भिजली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लायटर दिला म्हणून चहा झाला. वर्षानुवर्षं जग संपल्यानंतर जगायची तालीम करणारा हा गडी, आणि काडेपेटी विसरला.

आता फरक काय, तर गेममध्ये मोजलं की पुढं काहीतरी करता येतं. फिल्टर संपत आला, चला, तो पडका डबा बघू, त्या मेलेल्या सैनिकाचे खिसे बघू. जिन्यात तसं नव्हतं. सातवी पायरी बुडाली हे कळल्यावर आठवीकडे बघत बसणं एवढंच हातात होतं. त्या पाच दिवसांतली भीती कंटाळवाणी होती, हे कुणाला खरं वाटणार नाही. हाताला काम नसलेली भीती फार वाईट. गेम तेवढंच हाताला काम देतो, आणि मला वाटतं म्हणूनच आम्ही पुन्हा पुन्हा तिकडं जातो.

पूर ओसरल्यावर काही महिने कॉम्प्युटर चादरीतच होता. मग लावला तो 'धिस वॉर ऑफ माइन'. २०१४ चा, पोलंडच्या लोकांनी केलेला, बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला. यात तुम्ही सैनिक नाही, वेढ्यात अडकलेली साधी माणसं. रात्री बाहेर पडून औषध, लाकूड, डबाबंद अन्न शोधायचं. एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांचं सामान उचललं तर ती काही करू शकत नाहीत, आणि उचलणारी आपली माणसं नंतर मनानं खचतात. मी उचललं. मग लायटर आठवला, आणि सेव्ह व्हायच्या आधीच गेम बंद केला.

तर परवा. हेडफोन काढले तरी आई जाईना, स्टूल ओढून शेजारी बसली. स्क्रीनवर अंधार, मी एक मोडकी खोली धुंडाळत होतो. पाचेक मिनिटं गप्प बघितलं तिनं.

"काय शोधायलायस?"

"मिळेल ते. फिल्टर, गोळ्या."

"काडेपेटी बघ आधी."