दुखणं टिकवावं कसं?

रोज दहा-दहा तास संगणकापुढे बसून कमावलेलं दुखणं असं सहजासहजी हातचं जाऊ देऊ नये. मान, खांदा, मनगट, कंबर, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. मिळवायला वर्षं जातात आणि घालवायला मात्र लोक उतावीळ असतात. कुणी म्हणतं जरा चालून ये, कुणी म्हणतं एवढा ताण घेऊ नकोस, आणि भाबडी माणसं ऐकतातही. तुम्ही त्यातले नाही, हे गृहीत धरून पुढचं लिहितो.

सुरुवात खरेदीने करावी. कमरेला, मानेला, कोपराला वेगवेगळा आधार देणारी खुर्ची घ्या. जितके खटके जास्त, तितकी ती शास्त्रीय. मग उभं राहून काम करायचं टेबल, मग उभा माऊस, मग मधोमध दुभंगलेला कीबोर्ड. प्रत्येक नव्या वस्तूने थोडे दिवस खरंच बरं वाटतं. त्यानंतर दुखणं परत आलं की वस्तू चुकली असं समजा, समजूत चुकली असं कधीही नाही. मनगटाचा पट्टा मात्र हवाच, आणि तो वेल्क्रोचा हवा. बैठकीत नव्या कामाचं वाटप सुरू होताच तो सर्रकन उघडून पुन्हा घट्ट बांधता येतो. त्या आवाजाने जे साधतं ते चार ईमेलनी साधत नाही.

उजवा हात फार दुखायला लागला की माऊस डावीकडे घ्या. लवकरच डावा हातही दुखेल. आता एखादा आगाऊ माणूस विचारेल की ज्या हाताने आजवर काडी उचलली नाही तो इतक्यात झिजला कसा? त्याच्या नादी लागू नका. दुसरा पट्टा मागवा.

ही डाव्या हाताची गंमत तशी जुनीच. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 साली निरनिराळ्या धंद्यांतल्या आजारांवर ग्रंथ लिहिला. 1713 च्या वाढीव आवृत्तीत त्याने कारकून आणि लेखनिकही घेतले. ओळखीच्या एका दस्तऐवज लिहिणाऱ्याची हकिकत तो सांगतो. लिहून लिहून उजवा हात गेला म्हणून त्या बिचाऱ्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली, तर त्या हातालाही तेच दुखणं जडलं. पण कामाची गोष्ट पुढेच आहे. रामाझ्झिनीने लेखनिकांच्या दुखण्याची कारणं तीन दिली. एक, सतत बसून राहणं. दोन, हाताची तीच ती हालचाल. आणि तीन, मनावरचा ताण: हिशेबात चूक होईल, वही खराब होईल, मालकाचं नुकसान होईल, ही टांगती तलवार.

तिनातली पहिली दोन कारणं तुम्ही घ्या. त्यांवर दुकानं चालतात. तिसऱ्यावर खुर्ची निघत नाही, विमा निघत नाही, आणि ते उच्चारलं तर साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू आटतं. तीनशे वर्षं ते कारण अडगळीत पडून आहे, तिथेच बरं आहे.

पुढची पायरी एमआरआयची. हा अहवाल म्हणजे दुखण्याला मिळालेली सनद. त्यात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती फुगणं), ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ (झीज) असले शब्द असतात. ते पाठ करा, आणि कुणी ‘कसा आहेस?’ विचारलं की सगळे म्हणून दाखवा. फक्त एक पथ्य पाळा. ज्यांचं काहीच दुखत नाही अशांचे अहवाल वाचू नका. अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ ठणठणीत असलेल्यांतही विशीतल्या सुमारे 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसली. फुगलेल्या चकत्या विशीतच 30 टक्क्यांना होत्या. म्हणजे केस पिकावेत तशा त्या पिकतात. हे एकदा कळलं की सनदेचा कागद होतो. म्हणून कळून घेऊ नये.

डॉक्टरने नीट तपासून ‘गंभीर काही नाही’ असं सांगितलं तर ते आनंदाने स्वीकारण्याचा मोह टाळा. दुसरा डॉक्टर गाठा, मग तिसरा. (इथे क्षणभर थट्टा बाजूला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल, पकड सैल पडली असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर हा लेख अर्धा टाकून डॉक्टरकडे जा. तिथे खरोखर नस दाबलेली असू शकते, आणि तिच्यापुढे उपरोध चालत नाही.)

दुखण्यावर पाळत ठेवा. दर पाव तासाने मनगट दाबून बघा, मान दोन्हीकडे वळवून कुठे कळ येते का याचा अंदाज घ्या. कळ आली नाही तर जरा जोरात वळवा. रात्री अंथरुणात मोबाइलवर आपली लक्षणं शोधा. पहाटेपर्यंत सापडलेला आजार आदल्या संध्याकाळच्या आजारापेक्षा नक्की मोठा असतो. मेंदूला हे फार मानवतं. ज्या जागेची आपण इतकी काळजी करतो तिथे धोका असणारच असं तो धरून चालतो आणि पुढच्या वेळी जरा आधीच, जरा मोठ्याने कळवतो.

आणि दुखण्याचं वेळापत्रक कधीही लिहून काढू नका. काढलंत तर नको ते दिसेल. चॅटच्या खिडकीत साहेबाच्या नावाखाली ते तीन ठिपके हलायला लागले, थांबले, पुन्हा हलायला लागले की खांदे कानांकडे चढतात. मजकूर अजून आलेलाही नसतो! रविवारी संध्याकाळी, संगणक बंद असताना, मान धरते. उलट, शनिवारी सलग चार तास गेम खेळताना तेच मनगट, तोच माऊस, तीच खुर्ची, आणि कळीचा पत्ता नाही. हे चुकून ध्यानात आलंच तर ‘तेव्हा लक्ष नव्हतं’ असं म्हणून मोकळं व्हा. मात्र या वाक्यावर थांबून विचार करू नका, फार धोक्याचं वाक्य आहे.

कुणी ‘मन’ हा शब्द काढला की भडकायचं. ‘म्हणजे मी नाटक करतो?’ हे वाक्य तयार ठेवा. या कामी कित्येक डॉक्टरांनी तुम्हाला आधीच मोलाची मदत केलेली असते. अहवालात काही सापडलं नाही की ‘सगळं डोक्यात आहे’ असं म्हणून ते पुढच्या पेशंटला हाक मारतात. यानंतर कोण शहाणा मनाचं नाव काढेल? खरं तर वेदनांचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 पासून आपल्या व्याख्येत वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव म्हटलं आहे, 2020 च्या सुधारित व्याख्येतही तेच कायम आहे. दुखणं खरं की खोटं हा वादच त्यात उरत नाही. पण वाद उरला नाही तर भांडायचं कशावर?

भांडणाचा फायदा मोठा असतो, तो ऑस्ट्रेलियाकडून शिकावा. 1980 च्या दशकात तिथे कीबोर्डवर काम करणाऱ्यांत हातदुखीची लाटच आली. भरपाईचे दावे झाले, खटले झाले. एक बाजू म्हणाली यंत्राचा दोष, दुसरी म्हणाली मनाचे खेळ. दशक सरता सरता लाट ओसरली, कीबोर्ड मात्र वाढतच गेले. हात की मन या कुस्तीत सगळे इतके रंगले की कामाचा वेग कोण ठरवतं, चुका कोण मोजतं, असले रुक्ष प्रश्न मागे पडले. मालकवर्गाला यापेक्षा सोयीचं भांडण सापडणार नाही, तेव्हा तुम्हीही ते चालू ठेवा.

न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन सार्नो म्हणत की गिळलेला राग स्नायूंतून बाहेर पडतो, आणि जबाबदार, कुणाला नाही न म्हणणारी, सगळं बिनचूक करू पाहणारी माणसं यात आधी सापडतात. त्यांची सगळी उपपत्ती सिद्ध झालेली नाही, ही तुमच्यासाठी पळवाट आहे. तिचा उपयोग करा आणि सोमवारी रात्री उशिरा आलेल्या कामाला ‘हो, नक्की’ असं हसऱ्या चेहऱ्याच्या चिन्हासकट उत्तर द्या.

सर्वात जास्त जपायचं ते अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बोल्डरला झालेल्या प्रयोगापासून. जुनाट पाठदुखीच्या 151 जणांवर तो झाला, निष्कर्ष 2021 मध्ये आले. एका गटाला चार आठवडे शिकवलं की ही कळ म्हणजे इजा नव्हे, मेंदूचा खोटा इशारा आहे, तिच्याकडे न घाबरता बघा आणि टाळलेल्या हालचाली हळूहळू सुरू करा. त्यातले 66 टक्के जवळजवळ वेदनामुक्त झाले. ‘यात औषध नाही’ असं आधीच सांगून खोटं इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण 20 टक्के, नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्यांत 10. वर्षभराने पाहिलं तरी फायदा बराचसा टिकून होता. ‘हे पाठीचं झालं, माझं मनगट आहे’ असं म्हणता येईल, आणि ते अगदी खोटंही नाही. तरी असल्या बातम्या घरात येऊ देऊ नयेत.

सुट्टीवर जाताना लॅपटॉप बरोबर असू द्या. पहिले चार दिवस मान अजिबात दुखली नाही तर घाबरून जाऊ नका, असं होतं. परतायच्या आदल्या संध्याकाळी ‘सहज बघतो’ म्हणून एकदा मेल उघडा. न वाचलेल्यांचा आकडा पूर्ण दिसायच्या आत मान जागेवर येईल. मग घरी पोचल्यावर सगळ्यांना सांगा की तिथली उशी फार वाईट होती.