क्लिकने सही झाली, पण कोर्टात?

ई-साइन आणि काँट्रॅक्ट सॉफ्टवेअर घेतलं की स्टॅम्प नको, कपाटातले कागद नकोत, पुरावा सर्व्हरवर आयता तयार, आणि लीगलमधली निम्मी माणसं कमी, असा एक मेसेज सध्या कंपन्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या फायनान्सच्या साहेबांनी तो मला तीनदा पाठवलाय. असं सॉफ्टवेअर मी रोज वापरतो. उद्या बंद करायचं म्हटलं तर आधी मीच भांडेन. कोणता करार कधी संपतो याच्या एक्सेल याद्या सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. पण मेसेज चूक आहे.

माणसांचं आधी उरकतो. सॉफ्टवेअर नुकसानभरपाईचं कलम शोधून पिवळं करतं. ते मान्य करायचं की अडून बसायचं, हे ठरवायला त्या व्हेंडरवाचून आपला प्लांट किती दिवस चालेल ते ठाऊक असावं लागतं.

स्टॅम्पचा घोळ असा, की स्टॅम्प पेपर आणि मुद्रांक शुल्क एकच समजले जातात. कागद गेला तरी शुल्क जात नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाने 'सही'च्या अर्थात इलेक्ट्रॉनिक नोंदही घेतली आहे. ज्या साध्या करारांना १०० रुपये लागायचे, त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतात. क्लिकने सही केली तरीही. शुल्क न भरल्याने करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेत नाहीत.

कागदांचं म्हणणं अर्धं खरं आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १०अ मुळे बहुतेक व्यापारी करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होऊ शकतात. पण मुखत्यारपत्र त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वगळलेलं आहे. २०२२ मध्ये सूट मिळाली ती रिझर्व्ह बँक, सेबी वगैरेंच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती. म्हणजे क्लिक करणाऱ्या मॅनेजरचा अधिकार मुखत्यारपत्रातून आला असेल, तर तो अजून कपाटातच आहे.

आता पुरावा. इथे जालन्याची आठवण काढावी लागते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांनी उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला होता, हे दाखवायला हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूने निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण आणलं. प्रश्न अडला तो जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब च्या प्रमाणपत्रावर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद कुठल्या यंत्रातून, कशी आली हे सांगणाऱ्या कागदावर. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: मूळ लॅपटॉप किंवा फोन घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्र नको, पण संगणक कोर्टात आणता येण्याजोगा नसेल, तो एखाद्या नेटवर्कचा भाग असेल, तर प्रमाणपत्र हवंच. (गोरंट्यालांनी ते मागून पाहिलं होतं, यंत्रणेने दिलं नाही, म्हणून ते तरले.)

आपलं सॉफ्टवेअर नेमकं असंच, कुणाच्या तरी सर्व्हरवर. जुलै २०२४ पासून ६५ब च्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: 'अ' पुरावा देणाऱ्याचा, 'ब' तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा. सॉफ्टवेअर सहीच्या ऑडिट ट्रेलची, म्हणजे कुणी कधी क्लिक केलं या नोंदीची, पीडीएफ देतं, ती म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. मागच्या डेमोत मी सॉफ्टवेअर विकायला आलेल्या पोराला विचारलं, "भाग 'ब'वर तुमच्याकडून कोण सही करणार?" पोरगा हुशार होता, स्लाइड मागे नेली, पुढे नेली, आणि म्हणाला, "सर, विचारून कळवतो."