एस्कोबार, फोन टॅपिंग आणि तो फिरणारा मेसेज: एकेक दावा तपासूया

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज ग्रुपग्रुपमधून फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: अमेरिकेच्या डीईएने म्हणजे त्यांच्या ड्रग्जविरोधी खात्याने कोलंबियातले सगळे फोन टॅप केले, कोर्टाची परवानगी वगैरे भानगड नव्हतीच, पाब्लो एस्कोबार या तिथल्या कोकेन तस्कराला फोनवरून शोधून अमेरिकन एजंटांनी गोळ्या घातल्या, मग काली कार्टेल म्हणजे काली शहरातली ड्रग्जची टोळीही असंच फोन ऐकून संपवली, तिथला ड्रग्जचा धंदा मोडला, आणि आपल्याकडे मात्र कोर्टाच्या कटकटीमुळे पोलिसांचे हात बांधलेत, ती कटकट काढून टाका, प्रामाणिक माणसाला भ्यायचं कारण काय.

वाचायला जोरदार आहे, पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि शेवटची मागणी तर मला खरंच धोकादायक वाटते, म्हणून एकेक दावा घेऊन लिहितोय. थोडं लांबेल.

"कोर्टाची परवानगी लागत नव्हती."

अगदी उलट. अमेरिकेत 1967 साली सुप्रीम कोर्टाने कॅट्झ केसमध्ये सांगितलं की माणसाचं फोनवरचं खाजगी बोलणं ऐकणं ही झडतीच आहे, आणि पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये फोन टॅपिंगचा फेडरल कायदा आला. डीईए स्थापन झाली 1973 मध्ये, म्हणजे हे खातं जन्माला आलं तेच या कायद्याखाली. आता त्यात काय काय करावं लागतं बघा. एजंटने आधी शपथेवर भलंमोठं ॲफिडेव्हिट लिहायचं, ते वॉशिंग्टनला न्याय खात्यातल्या ठराविक दर्जाच्या अधिकाऱ्याने मंजूर करायचं, मग फेडरल न्यायाधीशापुढे जायचं. न्यायाधीशाला पटवून द्यावं लागतं की पाळत ठेवून झाली, खबऱ्या वापरून झाला, कचऱ्याचा डबा तपासून झाला, पुढे जायला दुसरा रस्ता उरलेला नाही किंवा असलाच तर जिवावर बेतणारा आहे. इतकं करून परवानगी मिळते ती जास्तीत जास्त 30 दिवसांची, वाढवून हवी तर पुन्हा सगळा अर्ज.

आणि परवानगी मिळाली म्हणजे कान लावून बसायचं असंही नाही हां. फोनवर संशयित बायकोशी पोराच्या तापाबद्दल बोलत असेल तर ऐकणाऱ्याने ऐकणं बंद करायचं, थोड्या वेळाने परत तपासायचं की विषय बदलला का, नसेल बदलला तर परत बंद. बोलणं स्पॅनिशमध्ये असेल आणि त्या वेळी स्पॅनिश जाणणारा माणूस नसेल तर रेकॉर्ड करून नंतर शक्य तितक्या लवकर ही गाळणी लावायची. मुदत संपली की लगेच टेप न्यायाधीशाकडे नेऊन सीलबंद करायच्या. नंतर ज्याच्या नावाने ऑर्डर होती त्याला लेखी कळवायचं की तुझा फोन ऐकला गेला होता, आणि त्यासाठी साधारण 90 दिवसांची मुदत असते, न्यायाधीशाने कारण पाहून पुढे ढकलली तर गोष्ट वेगळी. दरवर्षी किती ऑर्डर निघाल्या, कुठल्या गुन्ह्यासाठी, किती खर्च आला याचा जाहीर अहवाल निघतो, आणि त्यात ड्रग्जच्या केसेस वर्षानुवर्षं सगळ्यात वर असतात.

हे सगळं कागदावरचं असतं असं वाटत असेल तर 1974 ची जिओर्डानो केस बघा. बाल्टिमोरमधली ड्रग्जची केस, टॅपिंग झालेलं, पुरावा हातात. पण अर्जाला मंजुरी ॲटर्नी जनरलने, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाने, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने देण्याऐवजी त्याच्या कार्यकारी सहायकाने दिली होती. सुप्रीम कोर्टाने तो सगळा पुरावा बाद केला. मंजुरी देणारा माणूस चुकला एवढ्या कारणावरून. त्यामुळे जे एजंट हे काम करतात ते कोर्टाला कटकट म्हणून टाळत नाहीत, त्यांना माहीत असतं की कोर्टात टिकणार नसेल तर वर्षभराचं काम पाण्यात.

इथे एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर मीही अर्धंच सांगितलं असं होईल. काय बोलणं झालं ते ऐकणं वेगळं आणि कोणी कोणाला कधी फोन केला याची यादी मिळवणं वेगळं. या यादीला अमेरिकन कायद्यात फार कमी संरक्षण आहे, आणि 1992 पासून 2013 पर्यंत डीईएने अमेरिकेतून शंभराहून जास्त देशांत जाणाऱ्या कॉल्सच्या अशा याद्या सरसकट गोळा केल्या, कुठल्याही न्यायाधीशाला न विचारता. लाखो लोकांच्या, ज्यांचा ड्रग्जशी काडीचा संबंध नाही. एडवर्ड स्नोडेनने अमेरिकन सरकारची अशी टेहळणी उघड केल्यावर ते बंद करावं लागलं. म्हणजे मेसेजमधल्या या दाव्याला जो काही आधार सापडतो तो इथे, आणि तो अभिमानाने फॉरवर्ड करण्यासारखा अजिबात नाही.

"डीईएने कोलंबियातले सगळे फोन टॅप केले."

कोलंबिया हा वेगळा देश आहे, अमेरिकन न्यायाधीशाची ऑर्डर तिथल्या फोनवर चालत नाही. 1991 च्या त्यांच्या राज्यघटनेत कलम 15 मध्ये लिहिलंय की खाजगी संभाषण न्यायालयीन आदेशाशिवाय ऐकता येणार नाही. डीईएचे लोक तिथे दूतावासाच्या आधाराने असतात, माहिती देतात, यंत्रं आणि प्रशिक्षण देतात, निवडक कोलंबियन पोलिसांच्या तुकड्यांबरोबर काम करतात, पण ऐकणं आणि पकडणं हे तिथल्या सरकारी वकिलांच्या आणि पोलिसांच्या हातात. परदेशात जाऊन ड्रग्जसाठी थेट अटक करायला तर अमेरिकेच्याच कायद्याने त्यांना बंदी केलीय, 1976 पासून.

1999 चं ऑपरेशन मिलेनियम हे याचं चांगलं उदाहरण. बोगोटामध्ये अलेहांद्रो बर्नाल नावाच्या तस्कराच्या ऑफिसात कोलंबियन पोलिसांनी डीईएच्या मदतीने छुपे मायक्रोफोन लावले, कित्येक महिने तिथलं बोलणं रेकॉर्ड होत राहिलं, कोण येतं, कोण माल देतं, कोणाचा हिस्सा किती. त्यात फाबियो ओचोआ सापडला, मेदेयिन कार्टेलच्या, म्हणजे एस्कोबारच्याच टोळीच्या, जुन्या घराण्यातला, जो 1990 मध्ये शरण येऊन 1996 मध्ये तुरुंगातून सुटला होता. ऑक्टोबर 1999 मध्ये एकाच वेळी तीसेक लोक उचलले. 2001 मध्ये ओचोआला अमेरिकेच्या ताब्यात दिलं, 2003 मध्ये मायामीच्या ज्युरीने दोषी ठरवलं, 30 वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर 2024 मध्ये तो सुटून कोलंबियात परत गेला. टेप, अटक, प्रत्यार्पण, खटला, प्रत्येक पायरीवर कोणीतरी न्यायाधीश, वकील, कागद. यात बटण दाबलं की सगळे फोन ऐकू आले असं कुठेय?

"एस्कोबारला अमेरिकन एजंटांनी गोळ्या घातल्या."

2 डिसेंबर 1993, मेदेयिनमधली लोस ओलिव्होस वस्ती. एस्कोबारला मारलं ते कोलंबियन पोलिसांच्या सर्च ब्लॉकने, म्हणजे त्याला शोधायला बनवलेल्या खास पथकाने, प्रमुख कर्नल उगो मार्तिनेस. आदल्याच दिवशी एस्कोबारला 44 वर्षं पूर्ण झाली होती. जुलै 1992 मध्ये तो ला कातेद्राल या आपणच बांधून घेतलेल्या तुरुंगातून पळाला तेव्हापासून सोळा महिने हे लोक त्याच्या मागे होते आणि त्यात अमेरिकन सैन्याचं सिग्नल पकडणारं गुप्त पथकही होतं, त्यामुळे मदत होती हे शंभर टक्के खरं. पण सोळा महिने! जगातली सगळ्यात चांगली यंत्रं हाताशी असून सोळा महिने. कारण तो चालत्या गाडीतून बोलायचा, बोलणं आटोपतं घ्यायचा, सिग्नल दाखवेल तिथे पोलीस पोचले की रिकामं घर किंवा भलताच माणूस. कित्येक छापे असे फुकट गेले.

शेवटी सापडला कसा, तर बायकामुलं बोगोटातल्या तेकेंदामा हॉटेलात पोलिसांच्या पहाऱ्यात अडकली होती आणि मुलाशी बोलताना तो त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ फोनवर राहिला. कर्नलचाच मुलगा, तोही उगो मार्तिनेस, सिग्नलची दिशा दाखवणारं यंत्र घेऊन गाडीतून फिरत होता. याच पोराच्या यंत्रावर आधी सहकाऱ्यांचा विश्वास उडालेला होता. त्याने खिडकीत उभा असलेला एस्कोबार डोळ्यांनी पाहिला आणि मग बाकीच्यांना बोलावलं. डीईएचा स्टीव्ह मर्फी नंतर तिथे पोचला, छतावर पडलेल्या एस्कोबारच्या मृतदेहाचे ते प्रसिद्ध फोटो त्यानेच काढलेत, आणि त्याचा जोडीदार हावियेर पेन्या त्या दिवशी मेदेयिनमध्ये नव्हताच. या शोधात कितीतरी कोलंबियन पोलीस मारले गेले, त्यांचं श्रेय एका ओळीत दुसऱ्याला देऊन टाकणं मला अजिबात मान्य नाही.

"काली कार्टेलही फोन ऐकून संपवलं."

काली कार्टेल स्वतःच फोन ऐकत होतं! मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर बरं झालं असतं. 1994 मध्ये कालीमध्ये एका छाप्यात एक मोठा कॉम्प्युटर हाती लागला, त्यात शहरातल्या फोन कॉल्सच्या नोंदी होत्या, आणि आपल्यातलं कोण पोलिसांना किंवा अमेरिकन दूतावासाला फोन करतं हे ते लोक त्यावरून शोधत होते असं नंतर उघड झालं. म्हणजे फोन कंपनीच्या आत त्यांची माणसं होती. टेहळणीचं तंत्र सरकारकडेच राहतं असं समजणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

मग हे लोक पकडले कसे गेले? जून 1995 मध्ये हिल्बेर्तो रोद्रिगेस ओरेहुएला आणि ऑगस्टमध्ये त्याचा भाऊ मिगेल. मिगेलच्या बाबतीत टॅपिंगने काम झालं नाही, त्याच्या सुरक्षाव्यवस्थेतलाच एक वरचा माणूस, होर्हे साल्सेदो, फुटला आणि दोन डीईए एजंटांना त्याने पत्ता दिला. त्याला नंतर कुटुंबासकट नाव बदलून अमेरिकेत राहावं लागतंय. फोनवरून माणूस सापडला अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यात असा एक माणूस नेहमी गाळला जातो ज्याने जीव धोक्यात घातलेला असतो.

टॅपिंगचं खरं मोठं काम झालं ते अमेरिकेतल्या शहरांमध्ये, माल पोचवणाऱ्या टोळ्यांवर. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वगैरे कालीची माणसं पेजर, सार्वजनिक फोन आणि दर थोड्या दिवसांनी फेकून दिले जाणारे मोबाइल वापरायची. 1996 च्या झोरो टू मोहिमेत नव्वदच्या आसपास टॅप लागले, सगळे कोर्टाच्या परवानगीने, दीडशेहून जास्त अटका झाल्या, आणि त्यातून समजलं की माल कोलंबियनांचा पण वाहतूक मेक्सिकनांची. इतकं मोठं जाळं एकमेकांना जोडता आलं ते ऐकलेल्या बोलण्यामुळेच, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फोन टॅपिंग नको असं माझं म्हणणंच नाहीये.

"प्रामाणिक माणसाला भ्यायचं कारण काय?"

हे कोलंबियातल्या न्यायाधीशांना विचारा. तिथल्या गुप्तचर खात्याने, डीएएसने, ड्रग्ज आणि दहशतवादाच्या नावाखाली मिळालेली यंत्रं वापरून सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, पत्रकार, विरोधी नेते, मानवाधिकार कार्यकर्ते यांचे फोन ऐकले. 2009 च्या फेब्रुवारीत सेमाना मासिकाने ते बाहेर काढलं. हे न्यायाधीश काय करत होते, तर राजकारणी आणि निमलष्करी टोळ्या यांच्या संबंधांचा तपास. या टोळ्यांचा पैसा कोकेनचाच. म्हणजे ड्रग्जच्या पैशाचा माग काढणाऱ्यांचेच फोन ऐकले गेले. 2011 मध्ये खातंच बरखास्त करावं लागलं, माजी प्रमुख मारिया देल पिलार उर्तादो पनामाला पळाली, 2015 मध्ये तिला 14 वर्षांची शिक्षा झाली. तिच्या आधीचा एक प्रमुख, होर्हे नोगेरा, त्याला 25 वर्षं, निमलष्करी टोळ्यांशी संगनमत आणि एका प्राध्यापकाच्या खुनात सहभाग. आणि डीईएतले सगळे धुतल्या तांदळासारखे असं समजू नका, कार्ताहेनामध्ये नेमलेल्या होसे इरिसारी या एजंटला कार्टेलचा पैसा पांढरा करून दिल्याबद्दल 2021 मध्ये बारा वर्षांहून जास्त शिक्षा झालीय.

"धंदा मोडला."

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये कोलंबियात 2 लाख 53 हजार हेक्टरवर कोका होता आणि त्यातून 2,664 टन कोकेन बनू शकत होतं. एस्कोबारच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. पुढे काय बोलणार.

आता ती मागणी, आपल्याकडची कोर्टाची कटकट काढून टाका. अहो, भारतात फोन टॅप करायला न्यायाधीशाची परवानगी लागतच नाही! आपल्याकडे गृहसचिव सही करतो, केंद्राचा किंवा राज्याचा, 1885 च्या टेलिग्राफ कायद्यापासून हा अधिकार सरकारकडेच आहे आणि 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यातही न्यायाधीश आलेला नाही. नंतर तपासणारी समिती असते तीही सरकारी सचिवांचीच. मुख्य अट अशी की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण हवं, आणि पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने घालून दिलेली पद्धत पाळली पाहिजे. कॉम्प्युटरवरची माहिती पकडायचा अधिकार असलेल्या केंद्राच्या दहा यंत्रणांची यादीही 2018 मध्येच जाहीर झालीय, त्यात एनसीबी म्हणजे आपलं ड्रग्जविरोधी खातंही आहे.

कोर्ट येतं ते सगळं होऊन गेल्यावर, तेही कोणी दाद मागितली तरच, आणि दाद मागायला आधी आपला फोन ऐकला गेला हे कळायला हवं, जे कळवायची सक्ती आपल्याकडे नाही. 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने सीबीआयच्या एका लाचेच्या केसमधले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच दिसत नव्हता. ते आदेश निघाले होते 2009 आणि 2010 मध्ये.