सिंधुदुर्गाचा दरवाजा आणि माझी लुडबूड

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो. बायकोनं फोन काढून घेतला, ते बरंच झालं. त्या रात्रीचं उत्तर उद्धट होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यावरचा माझा लेख वाचून निपाणीच्या या ताईंनी लिहिलंय की, किल्ला तुमचा आहे, मुलं नुसती हाताखाली राबतात. मुलगी चौदा वर्षांची झाली, तिच्या नाराजीची तुम्ही गंमत करून चारचौघांत मांडता, वर तिचे फोटो टाकता. आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालून वर्षातले आठ दिवस मातीत हात बुडवले की मराठीपण राखलं, असं समजू नका.

फोटो काढून टाकलेत. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. मुलीला विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्ता विचारूलासा?"

आता किल्ला. लेखात मी किल्ल्यांच्या स्पर्धेतल्या परीक्षकांचा किस्सा चार ओळींत उरकला होता आणि शेवटी 'बाईसाहेब रुसून आत गेल्या' असं लिहून हशा मिळवला होता. तुम्ही नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलंत, म्हणून तो पूर्ण सांगतो.

त्या वर्षी आम्ही सिंधुदुर्ग केला होता. बेळगावात डोंगरी किल्ले सगळेच करतात, रायगड तर दर दोन गल्ल्यांआड एक असतो. जलदुर्ग म्हटलं की पाण्याची भानगड येते. खाली प्लास्टिक घालायचं, मधे विटा रचून कुरटे बेट उभं करायचं, त्यावर तटाची नागमोडी भिंत. भिंत मी केली. दरवाजा मुलीनं केला, आणि तो करायला तिला दोन दिवस लागले. मालवणला होडीतून जाताना तिनं पाहिलं होतं की, सिंधुदुर्गाचा दरवाजा बाहेरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवलाय की, अगदी जवळ जाईपर्यंत नुसती भिंतच दिसते. तिनं तसाच केला. ओली माती सारखी ढासळत होती, मग तिनं आईसक्रीमच्या काड्या आत घालून बुरूज उभे केले. मला हे सुचलं नसतं.

संध्याकाळी परीक्षक आले. त्यांच्यातल्या एकांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "सगळं झकास आहे, पण दरवाजा करायचा विसरलात काय?"

ताई, याच प्रश्नासाठी तिनं दोन दिवस घालवले होते. तिच्या तोंडावर हसू आलेलं मी पाहिलं. आणि तिनं तोंड उघडायच्या आत मी सुरू झालो. १६६४ साली पायाभरणी, पायात ओतलेलं शिसं, अठ्ठेचाळीस एकरांचं क्षेत्र, आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दरवाजाची युक्तीसुद्धा मीच सांगून टाकली. परीक्षकांनी माझी पाठ थोपटली. वळून बघतो तर ती घरात निघून गेलेली. याला रुसणं म्हणत नाहीत, हे मला लेख लिहिताना कळायला हवं होतं. तुमच्या प्रतिक्रियेनंतर कळलं.

इथवर तुमचंच खरं. पण पुढे तुम्ही म्हणता की, मुलांना मोकळं सोडा, त्यांचे छंद ती शोधतील. इथे मात्र माझी गाडी अडते, कारण आम्हाला तरी कुणी मोकळं सोडलं होतं?

माझं लहानपण शहापुरातल्या गल्लीत गेलं. घरोघरी माग, दिवसभर खटखट. किल्ल्याला मोठी माणसं हात लावत नसत, त्यांना सवडच नव्हती. पण म्हणून आम्ही मनाचे राजे नव्हतो. गल्लीत दहावी-अकरावीतली दादामंडळी होती आणि त्यांचा हुकूम चाले. पहिली दोन वर्षं मी फक्त पाणी वाहिलं. मग गोणपाट चिखलात बुडवून पिळायला मिळालं. भिंतीला हात लावायची परवानगी सहावीत असताना मिळाली, त्या दिवशी मी जेवायलासुद्धा घरी गेलो नाही. काळी माती वाळली की भेगा पडतात, म्हणून तिच्यात भाताची पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, बारीक करून मिसळायची. तांबडी माती मिळाली तर उत्तम, पण ती पश्चिमेकडून, बेळगुंदीच्या अंगानं आणावी लागते. नाचणा वसुबारसेच्या आधीच पेरायचा, म्हणजे पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा होतो. हे मला वडिलांनी शिकवलं नाही आणि माझं मीही शोधलं नाही. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या पोरानं टपल्या मारून शिकवलं.

आता आम्ही अनगोळच्या पुढच्या वसाहतीत राहतो. जुन्या गल्ल्यांत मंडळांचे मोठे किल्ले आजही होतात, रात्री माणसं बघत फिरतात. आमच्याकडे मात्र दहावीतलं पोर दिवाळीतही क्लासला असतं. मधली फळीच राहिलेली नाही. बापानं ती भरून काढायला जावं तर बापाला इतिहास माहीत असतो, स्पर्धा जिंकायची असते आणि गुडघे दुखत असल्यामुळे घाई असते. आमच्या घरातली ती दादाची जागा मुलीची होती. धाकट्याला पिंजर कातरायला तीच बसवायची, टपल्याही तीच मारायची. परीक्षकांसमोर मी नेमकी तिची जागा घेतली.

किल्ले बघायला जाणं हा आमचा दुसरा उद्योग, त्याचंही असंच होत आलंय. येळ्ळूरचा राजहंसगड तर हाकेच्या अंतरावर, गाडी थेट वर जाते. चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानिधीगड, पारगड आम्ही रविवार रविवार करून पाहिले. पारगडावर मी रायबाची गोष्ट सांगत होतो. तानाजींचा मुलगा गडाचा किल्लेदार, मालुसऱ्यांचे वंशज अजून वर राहतात, वगैरे. मुलगी तिथल्या एका आजींशी बोलत बसली होती. परत येताना म्हणाली, त्या आजींना गुडघ्यामुळे दोन वर्षं खाली उतरता आलेलं नाही. मला रायबा माहीत होता, आजी नव्हत्या. आता ती आमच्याबरोबर येत नाही, मैत्रिणींबरोबर कॅम्पात जाते. जाऊ दे. पण मी तिला कधी नेलंच नसतं तर बरं झालं असतं, असं काही मला वाटत नाही.

शाळेच्या माध्यमाचं तुम्ही लिहिलंत ते झोंबलं. कारणं सांगू शकतो, पण तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही शिक्षिका असाव्यात, म्हणजे ती तुम्ही पालकांच्या तोंडून भरपूर ऐकली असणार. मराठी शाळेत शिकून मी ब्लॉग लिहितो आणि माझी मुलगी तो अडखळत वाचते, एवढं खरं आहे. किल्ल्यावर लावायच्या पाट्या ती स्वतः लिहायची. 'बूरुज' लिहिलं की मी लगेच दुरुस्त करायचो. एका वर्षी तिनं पाट्याच लिहिल्या नाहीत. ही गोष्ट मी लेखात घातली नव्हती. किल्ल्यानं मराठी टिकते असा माझा दावा नाही. धाकट्याचा जोडीदार शेजारच्या कानडी घरातला आहे, दोघं चिखल करताना 'मण्णु हाकू' नि 'पाणी घाल' एकाच दमात ओरडतात. ते मला ऐकायला आवडतं, पुढे त्याचं काय होईल याची काळजीही वाटते. दोन्ही एकदमच.

तुम्ही शेवटी विचारलंय, यंदा काय करणार? मुलीचं दहावीचं वर्ष, ती नाही म्हणाली आणि मी आग्रह केला नाही. (दोनदा केला. खोटं कशाला लिहू?) धाकटा आणि त्याचा मित्र बेळगावचाच भुईकोट करणार आहेत. मी जरा हिरमुसलो. डोंगर नाही, गोणपाट नाही, मावळे चढवायला कडा नाही. मी म्हटलं, अरे, निदान पन्हाळा करा. तर धाकटा म्हणाला, आपल्या गावात किल्ला असताना लोकांचा कशाला? शाळेच्या सहलीत त्यानं तिथली कमल बसदी, म्हणजे किल्ल्यातलं जुनं जैन मंदिर, पाहिलीय, छतावरचं दगडी कमळ त्याच्या डोक्यातून जात नाही. ते काशानं करायचं, यावर दोघांची खलबतं चालू आहेत. बसदीचं १२०४ साल मी सांगणार होतो, नाही सांगितलं.

माझ्याकडे एकच काम ठेवलंय म्हणालो होतो, माती आणायचं. टेम्पोवाल्याशी बोलूनही ठेवलं. काल मुलगी पुस्तक घेऊन जिन्यात बसली होती. तिथूनच तिनं खाली हाक मारली, "ए, आधी खंदक काढा. त्याचीच माती तटाला घाला. खरे किल्ले तसेच करायचे." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि धाकटा मला म्हणाला, "पप्पा, मग तुम्ही माती आणायची गरजच नाही की."

अंगणातली माती काळी आहे, वाळली की भेगा पडणार. मी एवढंच म्हटलं, "पिंजर तरी लागेल."

"बघू," म्हणाला.