धुरके आणि कोरोना : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

पुण्यावर हिवाळ्यात साचणाऱ्या धुरक्याच्या कणांवर बसून कोरोनाचा विषाणू घरोघरी पोहोचतो, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा चुकीचा आहे. हा विषाणू मुख्यतः बाधित व्यक्तीच्या श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून, विशेषतः कोंदट जागेत पसरतो.

मात्र म्हणून धुरके निरुपद्रवी ठरत नाही. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि वाहनांचा व जळत्या कचऱ्याचा धूर तिच्यातच कोंडून राहतो, त्यातील २.५ मायक्रोमीटरपेक्षा सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जाऊन दाह निर्माण करतात, दमा व हृदयविकार बळावतात, आणि अशा रुग्णाला कोरोना झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. संदेशात सुचवलेला ओला रुमाल या कणांपुढे जवळजवळ निरुपयोगी आहे. नीट बसवलेला एन-९५ मास्क मात्र उपयोगी पडतो.