काय आणि कधी ते आपण ठरवायचं, किती ते मुलानं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मुलांच्या वाढत्या वजनावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत त्याचा मथितार्थ असा : 'सगळं खापर आई-वडिलांच्या, म्हणजे शेवटी आईच्याच डोक्यावर फोडलंय. आम्ही दोघंही नोकरीला, दुपारी मुलगा आजी-आजोबांकडे, शाळेत दर वाढदिवसाला चॉकलेटं, सोसायटीत खेळायला जागा नाही. लठ्ठपणा आमच्या घराण्यातच आहे. आणि आठ वर्षांच्या मुलाचं बाळसं पुढे झडतंच, मग एवढा बाऊ कशाला?'

आधी बाळशाचं बोलते, कारण त्या भरवशावर हातची वर्षं निघून जातात. बाळसं झडतं हे खरंच आहे, पण ते लहान वयात. साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल गुबगुबीत होत जातं. मग चालू-पळू लागलं की उंचीच्या मानाने वजन कमी कमी होत जातं आणि पाच-सहा वर्षांच्या सुमाराला मूल सर्वांत सडपातळ दिसतं, इतकं की बरगड्या मोजता येतात. तिथून बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) पुन्हा हळूहळू चढतो. हा चढ पाचव्या वर्षाच्या आधीच सुरू झाला तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. आणि नेमक्या याच वर्षांत घरात 'किती वाळलाय गं' सुरू होतं, ताटात आग्रहाने वाढलं जातं. आठव्या वर्षी पोटाला वळ्या पडत असतील तर ते राहून गेलेलं बाळसं नव्हे, ती नंतर साठलेली चरबी आहे. लठ्ठ किशोरवयीन मुलांपैकी दहातली सुमारे आठ पुढे मोठेपणीही लठ्ठच राहतात.

आता घराण्याचं. अनुवंशाचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं यांची तुलना केली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. तरीही आपल्या बाळांच्या अंगात स्नायू फार कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती. म्हणजे आपल्या मुलांना जास्तीचं वजन लवकर बाधतं, आणि म्हणूनच सांभाळायचं जास्त. पण सगळं जनुकांवर सोडताही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या अतिवजनी मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 3.4 टक्के झालं. एवढ्या काळात जनुकं बदलत नाहीत, घरात येणारं सामान बदलतं.

जाहिराती, शाळा आणि मैदानं यांबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम 2020 मध्ये झाला. पालकसभेत तो दाखवून मुख्याध्यापकांशी जरूर बोला. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पेन्सिल किंवा खोडरबर वाटायचं, हे वर्गशिक्षिकेने एकदा सांगितलं की सगळे पालक सुटतात.

पण घरातलं घरातच सोडवावं लागेल. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली विभागणी मला सर्वांत उपयोगी वाटते : काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं हे पालकांनी ठरवायचं, त्यातलं खायचं का आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे बहुतेक घरांत हे उलटं चालतं. 'भाजी नको, नूडल्स हव्यात' हे मूल ठरवतं आणि 'एवढी पोळी संपवल्याशिवाय उठायचं नाही' हे आपण. पोट भरल्याची खूण मुलाला उपजत कळते; रोज दोन घास जास्तीचे भरवले की ती खूण हळूहळू बोथट होते. टीव्हीसमोर भरवलं तर आणखी लवकर. 'भाजी संपव, मग आइस्क्रीम' यातून मुलाच्या मनावर एकच ठसतं, की भाजी ही शिक्षा आहे. नवी भाजी मुलाला आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. दरवेळी चमचाभरच वाढा, आणि तिच्याबद्दल काही बोलू नका.

तुम्हाला सगळा दिवस बदलायची गरज नाही. संध्याकाळचे साडेचार ते साडेसात एवढे तीन तास हातात घ्या. सध्या बहुधा असं चालतं : शाळेतून आल्यावर बिस्किटं, सहाला दूध, क्लासला जाताना वेफर्स, मग रात्री साडेनऊला भूक नाही, म्हणून जबरदस्ती, आणि झोपताना पुन्हा दूध. त्या दुधाचंच गणित करू. दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यामागे 100 ग्रॅमला 32 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 20 ग्रॅम पावडरीत साडेसहा ग्रॅम. वर एक चमचा साखर, म्हणजे 5. दिवसातून दोनदा दिलं की 23 ग्रॅम झाली. मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला 25 ग्रॅम धरतात. बिस्किट अजून मोजलेलंच नाही.

पावडर एकदम बंद केली तर मूल दूधच सोडेल. दर चार-पाच दिवसांनी पाव चमचा कमी करत गेलात तर महिना-दीड महिन्यात साधं दूध चालू लागतं. शाळेतून आल्या आल्या बिस्किटं न देता पोटभरीचं खाणं द्या : भाज्या घातलेलं थालीपीठ, मटकीची उसळ, घावन किंवा दुपारचाच पोळी-भाजीचा रोल. मग रात्रीचं जेवण आठपर्यंत, आणि या दोन्हींच्या मधे फक्त पाणी. पहिले चार-पाच दिवस कुरकुर होईल, ती सोसायची.

आजी-आजोबांना 'हे देऊ नका' म्हटलं की ते दुखावतात आणि खाऊ लपवून दिला जातो. त्यांना काय द्यायचं ते हाताशी ठेवून द्या : सकाळीच भाजके फुटाणे, पेरू, काकडी, ताकाचं भांडं. (पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात.) वेफर्स आणि फरसाण घरात आणायचंच नाही, मग नाही म्हणायची वेळच येत नाही. आणून कपाटात कुलपात ठेवलं तर मुलाचं सगळं लक्ष त्या कपाटाकडे लागतं. हे घरातल्या सगळ्यांसाठीच हवं. थोरल्याला वेफर्स आणि धाकट्याला काकडी, असं झालं की धाकटा शेजारी जाऊन खातो, तोही दुप्पट. 'जाड्या' हा शब्द लाडानेही वापरू नका.

वजन उतरवायच्या मागे लागू नका, ते थोपवायचं. समजा मुलगा 130 सेंमी आणि 36 किलो, म्हणजे बीएमआय 21.3. वर्षात उंची 6 सेंमी वाढली आणि वजन 37 वर राहिलं, तर तो 20 वर येतो. कुणीही उपाशी न राहता. वजन-उंची तीन महिन्यांतून एकदा घ्या आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या आलेखावर मांडा. त्यावर 23 आणि 27 अशा दोन रेषा आहेत, प्रौढांच्या त्या बीएमआयशी जुळणाऱ्या. 23 ची ओलांडली तर अतिवजन, 27 ची ओलांडली तर लठ्ठपणा.

एक गोष्ट आजच बघा. मुलाची मान मागून तपासा. तिथली कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी लागत असेल तर तो मळ नाही. अनेक घरांत तो दगडाने, उटण्याने घासला जातो आणि मूल रडतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण आहे, घासून जाणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवून साखर तपासून घ्या. तसंच वजन वाढतंय पण उंची वर्षभर जवळपास तिथेच आहे असं दिसलं, तर खाण्याकडे बोट न दाखवता आधी थायरॉइड आणि इतर संप्रेरकं तपासा. निव्वळ खाण्यामुळे जाड झालेली मुलं बहुधा वयाच्या मानाने उंचच असतात.