सह्यांचे सत्र

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आठ सत्रे असतात आणि पहिली सात सत्रे विद्यार्थी आठव्याची वाट पाहत काढतो, कारण शेवटच्या सत्रात विषय कमी असतात असे वरच्या वर्गातील मंडळींनी त्याला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलेले असते. विषय खरोखरच कमी असतात. मात्र त्यामुळे जी जागा मोकळी होते तिच्यावर ग्रंथालय, विभाग, कार्यालय आणि होऊ घातलेली नोकरी यांनी आधीच रुमाल टाकून ठेवलेला असतो, हे सांगायला ती मंडळी विसरतात. पुण्याच्या बाहेर, डोंगराला टेकून उभ्या असलेल्या आमच्या महाविद्यालयात त्या सत्रात तू काय शिकलास असे आज कोणी विचारले, तर मी प्रामाणिकपणे सांगेन की मी सही मिळवायला शिकलो. तांत्रिक ज्ञान त्या ओघात जेवढे अंगाला लागले तेवढे लागले.

प्रोजेक्टसाठी आमचा चौघांचा गट होता. साताऱ्याची मुलगी कोड लिहीत असे. सोलापूरकराला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीची खडानखडा माहिती असल्यामुळे सुटे भाग आणण्याचे काम त्याच्याकडे होते. नांदेडकराला सातव्या सत्रातच कॅम्पसमधून नोकरी लागली होती, त्यामुळे तो गटाचा मानद सदस्य झाला होता आणि चहाच्या वेळी न चुकता उपस्थित राहत असे. माझे शुद्धलेखन बरे आहे अशी अफवा असल्याने ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, आणि त्यावरच्या सह्या ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. कोड लिहिणे त्या मानाने सोपे असावे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. कोड निदान दुपारी दोन ते चार मीटिंगला जात नाही.

आमची यंत्रणा मातीतील ओलावा पाहून झाडाला आपोआप पाणी घालणारी होती. मातीत खोचलेल्या सेन्सरच्या दोन पायांमधून किती वीज जाते हे आर्डुइनो बोर्ड, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक, मोजत असे आणि ० ते १०२३ यांमधला एक आकडा देत असे. ओल्या मातीतून वीज जास्त जाते, पण आकडा उलटा चालतो: माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. ठरावीक मर्यादेपलीकडे आकडा गेला की रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे बटण, ‘टिक’ करून वाजे आणि छोटा पंप सुरू होई. कुंडीत आम्ही मोठ्या श्रद्धेने तुळस लावली होती. ओल्या मातीत सतत वीज खेळत राहिली की सेन्सरचे पाय गंजतात, ही गोष्ट सेन्सरने आम्हाला प्रत्यक्ष गंजून दाखवली. गंजलेल्या पायांतून वीज नीट जाईना आणि परिणामी कुंडीत चिखल झालेला असतानाही बोर्डाच्या मते तेथे वैशाखातला माणदेश होता आणि पंप कर्तव्यबुद्धीने चालत राहिला. एका सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतून सोलापूरकराचा फोन आला, “तुळस गेली की बे.” त्यावर त्यानेच तोडगाही काढला. तपकीर गल्लीतून नवा सेन्सर येईपर्यंत त्याने तुळशीच्या जागी मनी प्लांट लावला, कारण ती वेल नुसत्या पाण्याच्या बाटलीतही सुखाने वाढते. नवा सेन्सर पुढे आणलाच गेला नाही. मनी प्लांटची तक्रार नव्हती.

आता सह्यांकडे वळतो. ब्लॅक बुकच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्राचे पान असते आणि त्यावर गाइड, प्रोजेक्ट समन्वयक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि बाहेरून येणारे परीक्षक अशा पाच सह्या लागतात. या सह्या चढत्या क्रमानेच घ्याव्या लागतात. गाइडच्या सहीशिवाय समन्वयक पेनाचे टोपण काढत नाहीत. आमच्या गाइड सरांना डावा समास दीड इंचाचा, अक्षर टाइम्स न्यू रोमन, आकार बारा आणि ओळींमधील अंतर दीड लागत असे, आणि तेवढ्यापुरते ते आणि समन्वयक मॅडम यांचे एकमत होते. आकृतीच्या खाली ‘फिगर’ हा शब्द संपूर्ण लिहावा असा सरांचा आग्रह होता, तर तो ‘फिग’ असा तोडून पुढे टिंब द्यावे असे मॅडमचे म्हणणे होते. दोघांच्या खुर्च्यांमध्ये प्लायवुडचे एक पार्टिशन होते आणि दोघांनाही एकमेकांची शिंक ऐकू जात असे. तरीही या प्रश्नावरील त्यांचा सर्व पत्रव्यवहार माझ्या पायांमार्फत चालला. अखेर साताऱ्याच्या मुलीने शांतपणे सुचवले, “दोन प्रिंट काढ ना. ज्यांना जी आवडते ती त्यांना दाखव.” इंजिनिअर म्हणून तिचे भवितव्य उज्ज्वल आहे हे मला त्या क्षणी पटले.

मध्यंतरी वाङ्मयचौर्याची तपासणी झाली. संगणकाने आमच्या अहवालातील जी पाने लाल रंगात रंगवली त्यांत सर्वांत लाल पान प्रतिज्ञापत्राचे होते. ‘हे काम सर्वस्वी आमचे स्वतःचे असून ते कोठूनही उतरवलेले नाही’ हा मजकूर महाविद्यालयाच्याच नमुन्यातून प्रत्येक बॅच शब्दशः उतरवत आलेली असल्यामुळे संगणकाचा काही इलाज नव्हता. ते वाक्य आमच्या शब्दांत लिहावे, तर नमुना बदलला म्हणून सही अडणार. शेवटी विभागप्रमुखांनी ‘हे पान वगळून’ असा शेरा मारला आणि त्या शेऱ्याखाली सही केली. ही सही पाचांत मोजली जात नाही, हे मला नंतर कळले.

या सगळ्यात अभ्यासही करायचा होता. सत्राच्या मध्यात होणारी तीस गुणांची इनसेम आणि सत्राअखेरची सत्तर गुणांची एंडसेम या दोहोंच्या मधल्या काळात फेब्रुवारीत गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची, परीक्षाही येऊन गेली. तिच्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही.

बाइंडिंगसाठी आप्पा बळवंत चौक गाठला. सबमिशनच्या आठवड्यात तेथे आमच्यासारखी बरीच मंडळी डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेऊन उभी असतात. पानिपतच्या मोहिमेत कामी आलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांच्या मुलाच्या नावाने हा चौक ओळखला जातो, त्यामुळे अशा चेहऱ्यांची त्याला सवय असावी. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरे उठवणाऱ्या काकांनी आमच्या महाविद्यालयाचे नाव ऐकताच पहिले पान चष्म्याजवळ नेले आणि म्हणाले, “प्राचार्यांच्या नावाआधी डॉक्टर घाला. मागच्या महिन्यात पीएचडी झाली त्यांची. काल एक गट पाचही प्रती परत घेऊन आला होता, बसले रडत.” ही बातमी आमच्या विभागात कोणालाही नव्हती. आमचा खरा समन्वयक त्या दुकानात बसतो, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक जेवणानंतर आमच्याकडे आले. मनी प्लांट टवटवीत होता, रिले टिकटिकत होता आणि तो ऐकू येऊ नये म्हणून सोलापूरकर उगाचच खोकत होता. परीक्षकांनी यंत्रणेकडे पाहून “चालतं ना?” एवढेच विचारले आणि आमच्या होकारावर समाधान मानून ब्लॅक बुक चाळायला घेतले. एका छायाचित्रापाशी ते थांबले. “इथं तुळस लिहिलंय. तुळस कुठाय?” साताऱ्याच्या मुलीने माझ्याकडे पाहिले, मी समासाकडे पाहिले, आणि सबंध सत्रात प्रोजेक्टविषयी एक शब्दही न बोललेला आमचा मानद सदस्य पुढे होऊन म्हणाला, “सर, तुळस फ्युचर स्कोपमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांत, घेतली आहे.” परीक्षक मनापासून हसले आणि त्यांनी पाचवी सही केली. नांदेडकराला कंपनीने का घेतले, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

त्यानंतर राहिला तो ‘नो ड्यूज’चा अर्ज. ग्रंथालय, कार्यशाळा, वसतिगृह, प्रयोगशाळा अशा सर्व खात्यांनी आपले आमच्याकडे काही येणे नाही असे लिहून दिल्यावरच गुणपत्रिका मिळते. एकेक सही जमवत आम्ही जिमखान्याच्या खोलीपर्यंत पोहोचलो. ती खोली वाहनतळाच्या मागे आहे हे आम्हाला त्या दिवशी समजले. तेथील गृहस्थांनी तिघांच्या अर्जांवर न पाहता सही केली, चौथा अर्ज मात्र बाजूला ठेवून एक जुनी वही काढली आणि बोट फिरवत एका ओळीवर थांबले. नांदेडकराच्या नावावर पहिल्या वर्षापासून कॅरमचा एक स्ट्रायकर निघत होता. “मी कॅरम खेळतच नाही हो सर,” तो म्हणाला. त्यांनी वही आमच्याकडे वळवली. नोंदीपुढे त्याची स्वतःची सही होती. स्ट्रायकरचे पैसे लेखा विभागात भरून पावती आणा, म्हणजे सही करतो, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही चौघेही धावत निघालो. लेखा विभागाची खिडकी उघडी होती, पण पावतीपुस्तकावर सही करणारे साहेब रजेवर होते.